साहेबांनी उपटलेले चार खिळे

शुक्रवारी दुपारी बरोबर सव्वाचार वाजता साहेबांनी जीपमधून ती मशीन उतरवली, आणि तेव्हापासून अरबस्तानातल्या आमच्या खोर फक्कानात किस्स्यांना तोटा नाही. वाळूसारखं आहे त्यांचं. सकाळी झाडून काढावेत तर संध्याकाळी उंबऱ्यात पुन्हा ढीग!

साहेब इंग्रज, रस्त्याच्या सर्व्हेला आलेले. सुट्टीच्या दिवशी पडक्या घरांच्या जागी जुन्या वस्तू शोधायचा त्यांना नाद. मशीन म्हणजे लांब दांड्याला थाळी, खांद्याला बॅटरी नि कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की आवाज येतो, पण एकट्या साहेबांच्या कानात. आम्हाला दिसायचा फक्त त्यांचा चेहरा. तो फुलला की साहेबांकडेच कामाला असलेल्या आमच्या ह्यांनी आणि ड्रायव्हर कादरभाईंनी खणायचं.

लढाईत असल्या मशीनने सुरुंग शोधायचे, असं कळलं मात्र, मी अस्लमला उचललं. दीड वर्षाचं पोर, आणि डॉक्टर दुबईला, डोंगरातून दिवसभराची वाट!

"अहो, फुटलं तर?"

ह्यांच्याआधी कादरभाईच बोलले, "भाभी, साहेब पुढे आहेत. फुटलं तर आधी इंग्लंडचं नुकसान!"

*

पहिल्याच दिवशी साहेबांचा चेहरा असा फुलला की दोघांनी कमरेइतका खड्डा खणला. निघालं काय? सार्डिन मासळीच्या डब्याचं झाकण!

सातवीच्या पुस्तकात जमिनीखालून नगरं निघायची. आमच्याकडे डबा.

कादरभाईंनी ते झाकण दोन्ही हातांनी साहेबांना दिलं. "साब, पुराने लोगों को समंदर की मछली कम पडती थी क्या?"

*

शेजारच्या म्हाताऱ्या उम्म सालेमची पेटीची किल्ली अंगणात हरवली होती. साहेबांनी चटकन शोधून दिली. झालं! दुसऱ्या शुक्रवारी दारात बायकांची ही रांग. कुणाची कर्णफुलं, कुणाचा चमचा. साहेब घाम पुसताहेत आणि उम्म सालेम त्यांना पुढे ढकलतेय, "यल्ला हबीबी, आता सुई!"

सुईसुद्धा सापडली हो.

*

मागच्या साली तान्ह्या अस्लमला घेऊन निघाले, तेव्हा आईने रत्नागिरीहून चार खिळे बांधून दिले होते. मौलवीसाहेबांनी पढून फुंकलेले. घराच्या चार कोपऱ्यांशी ठोकले की पोराला बाहेरचं काही बाधत नाही. आल्याआल्या मी ते जमिनीत ठोकून घेतले.

आमचं घर एका जुन्या घराच्या चौथऱ्यावर. एका शुक्रवारी हे नमाजाहून यायचे होते, मी विहिरीवर. परतले तर चारही कोपऱ्यांशी खड्डे! साहेब नाचायचे बाकी होते. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड वर्षभरात शंभर वर्षांचं दिसतं. त्यांना वाटलं, जुन्या लोकांची बांधकामाची काही खास रीत हाती लागली.

संध्याकाळपासून अस्लम खोकायला लागला.

"माझे खिळे आणा," मी ह्यांना म्हटलं.

"नोकरी आहे गं. साहेब काय म्हणतील?"

"साहेब म्हणतील ते म्हणतील. पोर काय म्हणतंय ते ऐका!"

हे गेले. साहेबांनी खिळे धुऊन, सिगारेटच्या डब्यात कापसावर निजवले होते.

"साब, ये पुराना नहीं. पिछले साल का है. बच्चे के वास्ते."

साहेबांचा चेहरा सार्डिनच्या दिवशीही इतका उतरला नव्हता म्हणे. पण डबा दिला. मी स्वतःच्या हाताने चारही खिळे परत ठोकले. तिसऱ्या दिवशी खोकला गेला.

कादरभाई म्हणतात, मधाने गेला. मधही चाटवला होता, नाही कुठे म्हणते?

*

आता परवाची गोष्ट. साहेबांची मडम विलायतेहून आली, कडेवर चार महिन्यांची मुलगी. इथली हवा पोरीला मानवेना. दिवसभर रडणं, दूध टाकणं. डॉक्टरांना तार केली, ते इन्शाल्ला येत्या आठवड्यात.

काल साहेब आमच्या दारात. एकटेच, मशीन नाही. टोपी हातात. आधी हवेवर बोलले, मग रस्त्यावर. मग घराच्या कोपऱ्याकडे बघत ह्यांना हळूच म्हणाले,

"इब्राहिम, वो कील... कितना अंदर मारना?"

तर येत्या बोटीने रत्नागिरीकडचं कुणी इकडे निघत असेल, तर एवढा निरोप पोचवा. येताना चार खिळे घेऊन या. पढलेले. कुणासाठी, ते मात्र सांगू नका.