मामाने दिलेली इस्त्री

आमच्या शहरात जुन्या वस्तूंचं संग्रहालय निघालं आणि लोकांना गहिवर यायला लागला. कंदील पाहिला की गहिवर, पाणी तापवायचा बंब पाहिला की गहिवर. त्या बंबात रोज लाकडं कोंबणारं कोणी त्या गर्दीत नसावं.

मामाने तिथे घरातली कोळशाची इस्त्री दिली. कार्डावर ठळक अक्षरांत त्याचं नाव, खाली 'मायेची ऊब'. उद्घाटनाला त्याने झाडून सगळे नातेवाईक गोळा केले. मोठी मावशी येत नव्हती; मीच तिला ओढून नेलं.

खरं तर इस्त्री तिचीच. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मावशीची शाळा सुटली आणि घरादाराचे कपडे तिच्या गळ्यात पडले. कॉलर कडक नसली की मामा शर्ट भिरकावून द्यायचा आणि ती त्याला पुन्हा इस्त्री करायची. पुढे इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून ती चुरगळलेलेच कपडे घालते. कोणी टोकलं तर म्हणते, "सुरकुत्या चावतात का?"

मामाने भाषण ठोकलं. "मी स्वतःच्या कपड्यांना याच इस्त्रीने इस्त्री करायचो. त्या कष्टांतही काय गोडवा होता!"

पहिल्या रांगेतून मावशीने विचारलं, "कोण करायचं?"

"अगं ताई, आपण सगळेच."

"मग उचल बघू. दाखव करून."

लोक हसले. मामाही हसला, बाही सरसावून त्याने एका हाताने इस्त्री उचलली. मनगट मुरगळलं आणि इस्त्री धाडकन टेबलाच्या काचेवर पडली. काचेला आरपार तडा गेला.

"वयोमान, दुसरं काय," मामा मनगट चोळत पुटपुटला.

"मी पोरवयात ती निखारे भरून उचलायचे," मावशी म्हणाली. "तेव्हा नाही कोणाला वय आठवलं." आणि उठून बाहेर गेली.

रडत असेल म्हणून मी मागे धावले. ती पायरीवर बसून पाय चोळत होती. "घरी चल बाई. लोक बंबाकडे बघून डोळे पुसतायत, मला हसू आवरत नाही."

पुढे इस्त्रीजवळ 'हात लावू नये' अशी पाटी लागली. मी तिला सांगितलं.

"माझ्या लहानपणी लावायची होती," ती म्हणाली.

मामाने तेव्हापासून तिच्याशी अबोला धरलाय. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं, मीच सांगितलं.