होडीवालीचा कामचलाऊ आवाज

होडीवालीचा चेहरा काढायला मला तीन आठवडे लागले. त्यातले दोन तिच्या ओठांतच गेले.

मोबाइलवर खेळायचा गोष्टीचा खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी पात्रं काढते. ऑफिस अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना, वर आम्ही. आमच्या खेळात एक खारं राज्य आहे. तिथल्या लोकांच्या सावल्या चोरीला गेल्यात आणि खेळणारा त्या शोधत खाड्यांमधून फिरतो. त्याला या काठावरून त्या काठावर नेते ती ही म्हातारी. संवादाबरोबर पात्राचा चेहरा बदलतो, म्हणून एकेका पात्राचे आठ-नऊ चेहरे काढावे लागतात: रागाचा, हसरा, संशयाचा, दमलेला. त्यासाठी आम्हा चित्रकारांच्या टेबलावर एक लहान आरसा असतो. आपणच तोंड वाकडं करायचं, आरशात बघायचं आणि काढायचं. म्हातारीचे ओठ मी कितीदा पुसले याला हिशेब नाही. शेवटी जमले तेव्हा कळलं, सुईत दोरा ओवताना आई असेच ओठ मुडपते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, आणि चारकोपच्या सेक्टरमधल्या एका खोलीत त्यांनी मला चित्रकलेची पदवी मिळेपर्यंत शिकवलं. बाबांचं काम सुटल्यावर दोघं मालवणकडे गावी गेली. खोली मला राहिली.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गासमोर माझ्या चित्राबद्दल बोलत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं माझंच वाक्य माझ्याच हेलात पुन्हा म्हटलं आणि वर्ग हसला. वाईट नव्हती ती, नंतर माझ्या डब्यातलं खाऊन पण गेली. पण त्या दिवसापासून मी रोज पेपर मोठ्यानं वाचायचे, मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, ऐकायचे आणि हेल जिथं दिसेल तिथं पुसायचे. वर्षभरात माझी भाषा इतकी साफ झाली, की लोक विचारायला लागले, पार्ल्याची का तू? मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

घरी मात्र मालवणीच चालायची. आईबाबा गेल्यावर ती रविवारच्या फोनपुरती उरली.

आता आवाजाचं सांगते. खेळ अर्धाकच्चा असताना खरे कलाकार बोलवत नाहीत. ऑफिसमधलंच कुणीतरी संवाद वाचून ठेवतं, म्हणजे कुठलं वाक्य किती लांब, चेहरा कधी बदलायचा, ते कळतं. हा कामचलाऊ आवाज शेवटी पुसून टाकायचा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचा आवाजाचं काम बघणारा मुलगा घाटकोपरचा, गुजराती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि बोलायला फटकळ. होडीवालीचे संवाद त्यानं माझ्यापुढे टाकले. म्हणाला, तू काढलीस ना तिला, मग तूच निभाव.

मी मीटिंगच्या खोलीत साध्या माईकवर वाचायला लागले. चार वाक्यांनंतर त्यानं हेडफोन काढला.

"ताई, ये तो बातम्या चालू झाल्या. म्हातारी कुठे गेली?"

पुन्हा वाचलं. तो पुन्हा मान हलवून नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मला राग आला. कागद बाजूला ठेवला आणि आई दारात उभी राहून, कुठं निघालीस म्हणून मला विचारायची तसं त्याला विचारलं, "खंय जावचा आसा तुका?"

तो आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, हेच पाहिजे. संवाद लिहिणारा आमचा मुलुंडचा मित्र वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी बोलेन तसं लिहीत गेला. संध्याकाळपर्यंत होडीवालीचं सगळं बोलणं मालवणी झालं होतं.

त्यानंतर काही महिने ऑफिसात दिवसभर तीच वाजायची. कुणी चहाला उठलं की मागून आवाज यायचा, "खंय जावचा आसा तुका?" सगळे चुकीच्या ठिकाणी जोर द्यायचे, तरी मला आवडायचं. घरी जाऊन कुलूप काढलं की मात्र बोलायला कुणी नसायचं. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडून पेपरच येतो. एकदा भाजी चिरताना लक्षात आलं, आठवड्याभरात मी माणसांशी बोलले त्याच्यापेक्षा जास्त मालवणी माईकशी बोलले होते. तेव्हा ठरवलं, हा आवाज पुसू द्यायचा नाही.

मॅडमकडे गेले. कंपनी त्यांची. सरळ सांगितलं की होडीवालीचा आवाज मला द्यायचाय, कायमचा. त्या म्हणाल्या, "तू चेहरा काढलास, झकास काढलास. आवाजासाठी नाटकातल्या एक बाई येणार आहेत. जाहिरातीत त्यांचं नाव लागतं, गं. समजून घे."

मी म्हटलं, "समजलं. पण मला हे काम हवंय."

मॅडमना अशी सरळ मागणी कुणी केली नसावी. त्यांनी थोडा विचार करून सांगितलं, खेळ बाजारात आणणारी मंडळी वेगळी आहेत. दोघींचे नमुने नाव न सांगता त्यांना पाठवू, ते म्हणतील तसं. माझं आधीचं रेकॉर्डिंगच पाठवा म्हटलं, तर घाटकोपरवाला म्हणाला, त्यात खालच्या कारखान्याची घरघर भरलीय, ती निघत नाही. स्टुडिओत जाऊन नव्यानं करावं लागेल.

मी तयारी केली. ही माझी सवय आहे, परीक्षा म्हटली की मी तयारी करते. कागदावर पेन्सिलीनं खुणा केल्या, कुठं थांबायचं, कुठं सूर खाली आणायचा. इस्त्रीचा कुर्ता घातला. स्टुडिओत काचेमागे उभी राहिले आणि प्रत्येक शब्द नीट, सुटा सुटा, स्पष्ट म्हटला. मालवणीच होती, पण एक अक्षर इकडचं तिकडे नाही. काचेपलीकडून तो हातानं खुणावत होता, सोड, सैल सोड. मला वाटलं, याला काय कळतंय. बाहेर आल्यावर मीच त्याला म्हटलं, आधीपेक्षा साफ झालं ना? तो म्हणाला, "साफ झालं." आणि वायर गुंडाळायला लागला.

आठवड्यानं उत्तर आलं. मॅडमनी मला बसवून वाचून दाखवलं. नाटकातल्या बाईंचा आवाज पक्का झाला होता. माझ्याबद्दल एकच ओळ होती: पहिला आवाज चांगला आहे, पण शिकलेल्या बाईचा वाटतो.

शिकलेली बाई. हे ऐकायला बाबांनी किती वर्षं काठी घेऊन दुसऱ्यांच्या दारात काढली. मी मान हलवली, जागेवर गेले आणि दिवसभर एका राक्षसाची बोटं काढत बसले.

एवढ्यावर संपलं नाही. आठ दिवसांनी त्या बाई ऑफिसात आल्या. साठीच्या, मोकळ्या स्वभावाच्या, जन्म पुण्यातला. त्यांनी माझं जुनं घरघरीचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं आणि विचारलं, ही कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खुर्ची ओढून त्या माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, "मी नमुना दिला तो अंदाजानं दिला गं. हे खरं आहे. अशी तुझी आई बोलते ना? लाव फोन, मला तिचं बोलणं ऐकू दे."

मला नको होतं. पण त्या मोठ्या होत्या आणि प्रेमानं मागत होत्या. फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आईला सांगितलं की नाटकात काम करणाऱ्या बाई आहेत, तुझ्याशी बोलायचंय. मग आईचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला.

"नमस्कार. आपण कशा आहात? आमच्याकडे सर्व ठीक आहे."

बाईंनी तिला आंबे, पाऊस, मासे, सगळं विचारून बघितलं. आई एकेक शब्द उचलून जपून ठेवत होती. "यंदा आंबे समाधानकारक आहेत," म्हणाली. शेवटी "आपला आभारी आहे" म्हणून तिनं फोन ठेवला. ऑफिसात कुणीतरी हसलं, बाई हसल्या नाहीत. मी फोनकडे बघत राहिले. चौथी शिकलेल्या माझ्या आईनं हे कुठून आणलं? बहुतेक माझ्याकडूनच. तेव्हा इथल्या खोलीत ती स्वयंपाक करत असायची आणि मी मोठ्यानं पेपर वाचत असायचे.

मग मीच शिकवलं. दोन दिवस त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले, "आसा"चा "आ" कसा लांबवायचा, रागावल्यावर सूर वर न जाता खाली कसा जातो. पहिल्या दिवशी हातचं राखून सांगायचा विचार मनात आला होता. जमलं नाही. त्या इतकं मनापासून ऐकत होत्या, की मला बोलतच राहावंसं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझी मालवणी तास तास ऐकत होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी काचेच्या अलीकडे बसले. त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच आहे.

त्यांना दुसरीकडे प्रयोगाला जायचं होतं. संवाद संपले आणि त्या निघाल्या. जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या. घाटकोपरवाला यादी बघून डोकं खाजवायला लागला. म्हणाला, वाट लागली, श्वास राहिले. वल्हं मारतानाचे, बसतानाचे, नुसते बसून राहिल्यावरचे. त्यासाठी त्यांना परत बोलावता येणार नव्हतं.

"तू जा ना आत."

गेले. कागद नव्हता, वाचायला शब्द नव्हता, साफ करायला काही नव्हतं. वल्हं मारल्यासारखे हात हलवले. दमले. बसले. तो म्हणाला, आता काही करू नको, फक्त बस. मी बसले. पाऊणएक तासानं त्यानं बोट वर केलं, झालं. एकदाही थांबवलं नव्हतं त्यानं.

खेळ आला तेव्हा रविवारी आईला फोनवरून होडीवाली ऐकवली. आई म्हणाली, "कोण गो ती? बरा बोलता. आपल्यातली काय?" मी सांगितलं, पुण्याच्या आहेत, तुझ्याशी बोलल्या होत्या त्याच. आईला खरं वाटेना. मधल्या श्वासांबद्दल मी काही सांगितलं नाही. "जेवलंस?" तिनं विचारलं. जेवलंय म्हटलं. जेवले नव्हते.

खेळाच्या शेवटी नावं येतात. चित्रांखाली माझं नाव आहे, आडनावासकट. बाबांनी ते शेजारच्याला नेऊन दाखवलं. श्वासांखाली कुणाचं नाव नसतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ताट वाढून घेते आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. होडीवाली येते, कुठं जायचंय म्हणून एकदा विचारते, त्या बाईंच्या आवाजात. उत्तरासाठी दोन चौकटी येतात. खेळणारे लगेच एक दाबतात आणि होडी निघते. कुणी काहीच दाबलं नाही, तर ती पुन्हा विचारत नाही. ओठ मुडपून बसते आणि श्वास घेत राहते. माझं जेवण होईपर्यंत मी काही दाबत नाही.