टरफलांवरून चालणं

“अर्थ कळला हो टीचर. पन वापरायचं कधी?”

कुंपणाचे गज धरून शेजारच्या मावशी रोज हेच विचारायच्या. पाथर्डीकडून त्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत राहायला आल्या, मी शाळेत इंग्रजी शिकवते हे त्यांना कळलं आणि माझी सकाळ त्यांनी ताब्यात घेतली. टीव्हीवर, दुकानात, कुठंही इंग्रजी वाक्प्रचार कानावर पडला की तो घेऊन हजर. ‘वन्स इन अ ब्ल्यू मून’ म्हणजे क्वचित कधीतरी, हे शिकल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या नळाला पाणी कधी येतं, ते सगळ्या गल्लीला इंग्रजीत ऐकवून मोकळ्या. अशी एक विद्यार्थिनी मला वर्गात मिळाली असती तर! तुमच्याही शेजारी असेल एखादी. जपा तिला. आमच्या मावशी आता पुण्याला असतात.

त्या दिवशी मात्र त्या हळूच आल्या. लग्न झालेली लेक दोन दिवस माहेरी आली होती.

“टीचर, ‘वॉकिंग ऑन एगशेल्स’ म्हंजे? चालनं कळलं, अंड्याची टरफलं कळली.”

“कुठं ऐकलंत?”

“पोरगी मैत्रिनीशी फोनवर बोलत हुती. मी आत गेले, तशी इंग्रजीवर गेली.”

खोटं सांगावंसं वाटलं. पण गजांवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. म्हटलं, “सतत धास्तीत वागणं. आपलं काही चुकेल आणि समोरचा भडकेल, अशी धास्ती.”

“आन वापरायचं कधी?”

“घरातल्याच माणसाची भीती वाटते, तेव्हा.”

मावशी घराकडे वळल्या. संध्याकाळी जावई न्यायला येणार होता.

त्याची गाडी आली तेव्हा मी कुंपणाशीच उभी होते. मावशी दारात आडव्या उभ्या होत्या. “ती येनार न्हाई,” एवढंच म्हणाल्या. तो ओरडला, त्यानं गेटला लाथ घातली, गल्ली जमली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी गाडी निघून गेली आणि मी धावत त्यांच्या घरात शिरले.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात ताट पडलं. लेक भिंतीला चिकटून उभी. “चुकून पडलं गं आई, चुकून पडलं!” तिचा तो आवाज ऐकून मला रडूच आलं.

मावशींनी मांडणीवरचं दुसरं ताट काढलं आणि जोरात फरशीवर आपटलं.

“पाड,” त्या म्हणाल्या. “तू बी पाड. हितं कोनी रागवत न्हाई.”

लेक आईकडे बघत राहिली. मग तिनं एक वाटी उचलली, आणि डोळे मिटून सोडून दिली.