अर्ध्या सुराची लबाडी

धोंडिराम खरातला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको शकु सांगते, आणि ते ती कौतुकाने सांगत नाही. पाहुण्याने हौसेने गाऊन दाखवलं की हा चहाचा कप खाली न ठेवताच म्हणतो, "गंधार उतरतोय." साकीनाक्याच्या एका गाळ्यात, डावीकडे वेल्डिंग आणि उजवीकडे पत्रा कापायचं यंत्र, अशा खणखणाटात बसून हा माणूस चाळीस वर्षं हार्मोनियमचे सूर लावतोय. जालन्याहून आला तेव्हा धड मिसरूडही फुटलं नव्हतं. मुलाने, विशालने, सूर मोजायचं ॲप मोबाइलवर टाकून दिलं, तर याने ते एकदा लावून पाहिलं, "बरोबर सांगतंय बिचारं" म्हणाला आणि पुन्हा कानाने कामाला लागला.

अशा माणसाकडून अनुपमाताईंच्या बाबतीत लबाडी झाली, ती प्रेमापोटीच.

अनुपमाताई म्हणजे मुलुंडच्या नावाजलेल्या गायिका. वय ब्याऐंशी, पण पहाटेचा रियाज एक दिवस चुकलेला नाही. त्यांच्या पेटीला अडतीस वर्षांत धोंडिरामशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. त्याला याचा एवढा अभिमान की रविवारी विहारात भीमगीतांना पेटीवर बसला तरी एकदा तरी ताईंचं नाव निघायचंच.

एका सोमवारी ताईंची सून दीप्ती पेटी रिक्षात घालून गाळ्यावर आली.

"काका, सूर अर्ध्याने खाली आणायचे. सगळे. पण आईंना कळता कामा नये."

धोंडिरामने चष्मा कपाळावर ढकलला. "का गं?"

"येत्या रविवारी वाढदिवसाची बैठक आहे, शिष्य येणार. आणि गेल्या वर्षी वरच्या षड्जावर आवाज फाटला ना, तेव्हापासून दार लावून गातात. सगळ्यांसमोर पुन्हा फाटला तर त्या गाणंच सोडतील, काका." तिचे डोळे भरून आले. "त्या षड्जासाठी नेहमीसारखी काळी चारची पट्टी दाबतील, पेटी आपोआप खालून वाजेल. तंबोरा पेटीवरूनच लावतात. त्यांना वाटेल, आवाज अजून तसाच आहे."

नाही म्हणायला हवं होतं. पण ताईंचं गाणं थांबणार म्हटल्यावर त्याने पेटी आत ओढून घेतली. तीन दिवस तो त्या पेटीला चिकटून बसला. सूर देणारी पितळेची पत्ती बुडाशी घासली की सूर उतरतो, हे काम त्याच्या हातचा मळ. पण ताईंच्या पेटीला कानस लावायचा धीर होईना. मग त्याने एकेक पत्ती काढून शेजारच्या, वरच्या सुराच्या खाचेत सरकवली, सगळ्यांत खाली एक नवी बसवली. शकुने विचारलं, जेवत का नाहीस, तर म्हणाला, पित्त झालंय. तिला ते खोटं लगेच कळलं.

शुक्रवारी तो पेटी घेऊन मुलुंडला गेला. दीप्ती दाराशी उभी राहिली. ताईंनी भाता उघडला, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. ते काळी चारवर नव्हतं. काळी चार सोडून ते सरळ तिच्या खालच्या पांढरी पाचवर जाऊन बसलं होतं, सवयीने, न चाचपडता.

धोंडिरामच्या सगळं ध्यानात आलं. बाई स्वतःच कधीच्या अर्ध्या सुराने खाली उतरल्या होत्या, आणि वर याने त्यांना आणखी अर्ध्याने ढकललं होतं.

ताईंनी षड्ज लावला, खालच्या पंचमाकडे गेल्या, तो नेहमीपेक्षा खोल गेला आणि त्या थांबल्या. डोळे उघडून आधी सुनेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"चूक माझी आहे, ताई."

"आई, मीच..." दीप्ती पुढे आली.

"तू गप गं. तुला सुरातलं काय कळतं? याला कळतं." त्या धोंडिरामकडे वळल्या. "दार लावून काय मी रडत होते? नवा षड्ज शोधत होते. वर्ष गेलं त्यात. साठ वर्षं वरच्या सुरांच्या मागे धावले, खाली काय काय आहे ते आत्ता बघतेय. मला मजा येतेय रे." मग आवाज खाली आला. "पण अडतीस वर्षं तुझ्या भरवशावर मी डोळे मिटून गायले. आता उघडे ठेवून गाऊ का?"

धोंडिरामने भाता मिटला. पेटी उचलून तो गाळ्यावर परतला आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक पत्ती जिथली तिथे बसवली. या पेटीला आपला हात लागायची ही शेवटची वेळ, असं त्याने मनाशी धरलं होतं.

रविवारी मुलुंडला पेटी ठेवून तो निघाला, तर ताईंनी हाताने खूण करून त्याला पुढच्या रांगेत, जाणत्या लोकांमध्ये बसवलं. खोली गच्च भरली होती.

"यापुढे मी पांढरी पाचमध्ये गाते," ताई सगळ्यांना म्हणाल्या. "वय झालं, आवाज उतरला. त्यात लपवायचं काय?"

मग त्यांनी सूर धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "धोंडिराम, बरोबर आहे?"

खोली त्याच्याकडे बघत होती. तो नीट ऐकून म्हणाला, "बरोबर आहे, ताई."

ताईंनी डोळे मिटले.