सगळ्यांवर सारखा संशय

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आमच्या ऑफिसात त्यांचं हे पहिलं वाक्य. शिपायाने चहा पुढे करून "बिनसाखरेचा आहे" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी कप नाकाशी नेला, शिपायाकडे पाहिलं आणि विचारलं. शिपाई म्हणाला, "मीच केलाय, साहेब." त्यांनी मान हलवली, पण चहा काही प्यायले नाहीत.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बसताना पाठ भिंतीला लावायची, बॅग मांडीवरून खाली ठेवायची नाही. बस वेळेवर आली असं कोणी म्हटलं तरी आधी स्वतःच्या घड्याळात पाहायचं. असल्या माणसाजवळ आपण फार वेळ बसत नाही. हे मात्र आम्हाला हवेसे वाटायला लागले, ते कसं ते सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कपड्यांचे रंग बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी अकाउंट्समध्ये होते. कंपनीने नवाकोरा कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी आमच्या हॉलच्या कोपऱ्यात काचेची खोली केली, एसी बसवला, खाली गालिचा घातला. चपला बाहेर काढूनच आत जायचं. आत बसायची यमुना. ती जवळच्याच शिरवणे गावची. सासरची जमीन कारखान्यांसाठी गेलेली, त्या घरची म्हणून तिला टायपिस्टची नोकरी मिळाली होती, आणि हात चलाख म्हणून तिला कॉम्प्युटरवर बसवलं.

काही महिन्यांतच मशीन मध्येच थिजायला लागलं. स्टॉकचे आकडे भरता भरता पडदा जागच्या जागी थांबायचा. कुठलीही कळ दाबा, ढिम्म. बंद करून परत चालू केलं की सकाळपासूनचं काम गेलेलं. कधी एका दिवसात दोनदा व्हायचं, कधी आठवडाभर काहीच नाही.

यंत्र बिघडण्याला काही नेम नसला की ऑफिस लगेच माणूस शोधतं. युनियनचा कॉम्प्युटरला विरोध होता आणि यमुनाचा दीर युनियनमध्ये होता. शिवाय जमीन गेल्याचा राग हिच्या मनात असणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मॅनेजर उघड काही बोलले नाहीत. पण एक दिवस काचेच्या खोलीसमोर शिपायाचं स्टूल आलं, तोंड आतल्या बाजूला. यमुना काय करते ते त्याने बघायचं. डबा खाताना ती आली की बोलणं थांबायचं.

"मी हात लावला का बंद परतं म्हनं," ती मला एकदा म्हणाली. "मंग काय हात बांधून बसू?"

अशात हे आले. ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतला त्या कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर. आम्ही त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणायचो. नाव विचारलं की ते उलट विचारत, "कशाला हवंय?"

त्यांनी प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला. आधी विजेवर. स्टॅबिलायझर तपासला, प्लग उपटून पाहिला, अर्थिंगची तार भिंतीबाहेर जाऊन जमिनीपर्यंत हाताने चाचपली. मग एसीवर, मग शिपायाच्या चहाच्या हीटरवर. मला विचारलं, "तुम्ही या खोलीत का येता?" मी म्हटलं, "गार वाटतं म्हणून." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

खिडकीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "हा वास कसला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रोजचाच असल्याने आम्हाला तो येईनासा झाला होता. मॅनेजर म्हणाले, "खाडीचा."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मॅनेजर हसले. हे हसले नाहीत.

गंमत अशी की ते आले, मशीन उघडलं, आतली सर्किटची कार्डं काढून पुन्हा बसवली की मशीन सुरळीत चालायचं. ते दुपारभर समोर बसून राहायचे, काही होत नसे. ते गेले की चार-आठ दिवसांत पडदा पुन्हा थिजायचा. तिसऱ्या खेपेला मॅनेजरांनी विषयच काढला.

"तुम्ही असलात की चालतं, ही एकटी बसली की बंद पडतं. रिपोर्टमध्ये ऑपरेटरची चूक लिहून टाका. तुमच्या कंपनीलाही बरं."

"ती काय करते ते तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं?"

"खोलीची एक किल्ली तुमच्याकडेही असते," ते शांतपणे म्हणाले. "मग तुमच्यावरही संशय घ्यावा लागेल. मी सगळ्यांवर सारखा घेतो."

काचेपलीकडे यमुना मान खाली घालून बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

मॅनेजर गेल्यावर ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आता एकच माणूस उरला, मी. मी असं काय करतो की हे चालायला लागतं?"

यमुना म्हणाली, "तुमी उघरता, आनि ती पट्टी काहारून परत बसवता. दर वेली."

त्यांनी मशीन उघडलं. एक कार्ड काढून खिडकीच्या उजेडात धरलं. कडेची पितळी रंगाची टोकं, जी खाचेत बसतात, ती काळवंडली होती. त्यांनी माझ्याकडून खोडरबर मागितलं आणि टोकं घासली. रबर काळं झालं. कार्ड काढता-घालताना तो काळा थर थोडा खरवडला जायचा, म्हणून मशीन चालायचं. मग थर पुन्हा चढायचा.

हातातून निसटलेलं रबर उचलायला ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. गालिच्यावर यमुनाची अनवाणी पावलं होती.

"बाई, ही पैंजणं चांदीची?"

"हो. इथं लागल्यापासून काली परतान. दर आठवर्‍याला चिंचेनं घासतय."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. माझी जोडवीही काळीच होती. मी समजत होते, सोनाराने फसवलं.

ते खिडकीशी गेले. समोरच्या शेडमध्ये सल्फाइडच्या, म्हणजे धातू काळा पाडणारा वायू सोडणाऱ्या रसायनाच्या, उघड्या टाक्या होत्या. वारा तिकडून आमच्याकडे येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "यंत्र बंद पडून सांगतं तरी," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या याच हवेत रोज येता, जाता."

रिपोर्टमध्ये त्यांनी तेच लिहिलं: दोष ऑपरेटरचा नाही, हवेचा आहे. मॅनेजरांनी त्यांच्या कंपनीकडे तक्रार केली, आणि आमच्याकडे दुसरा इंजिनिअर येणार असं ठरलं. निघताना ते यमुनाला म्हणाले, "तुम्हाला खोकला आहे, मघापासून ऐकतोय. डॉक्टरांना दाखवा." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि डॉक्टर म्हणतील ते लगेच खरं धरू नका."

कंपनीने काचेच्या खोलीच्या फटी बुजवल्या, एसीला फिल्टर लावला. मशीन थिजायचं थांबलं. समोरचं स्टूल कोणी काही न बोलता उचललं. आमचा हॉल मात्र होता तसाच राहिला.

यमुनाला ते सहन होईना. यंत्राच्या खोलीत आता तिला स्वच्छ हवा मिळत होती, पण तीच आम्हा चौघींना घेऊन मॅनेजरांकडे गेली. पैंजणं काढून तिने टेबलावर ठेवली. मागोमाग दोघींनी बांगड्या ठेवल्या. आमच्यातल्या सावंतबाई जोडवी काढायला तयार नव्हत्या. त्यांनी नुसता पाय पुढे केला. मीही केला.

मॅनेजर म्हणाले, "अहो, ही खाडीची हवा आहे."

"खारीवर आमची हयात गेली, सायेब," यमुना म्हणाली. "माजी सासू रोज चिखलात उतरते. तिची पैंजनं पांडरी हायत."

पुढे कितीतरी महिने युनियन, वरचे साहेब, मीटिंगा चालल्या. अखेर टाक्यांवर झाकणं बसली, आणि शेडची हवा उंच धुराड्यातून बाहेर जायला लागली.

त्या दिवशी यमुनाने मला फोनपाशी ओढत नेलं. इंजिनिअरसाहेबांना कळवायचं होतं. त्यांच्या कंपनीतली बाई म्हणाली, ते नोकरी सोडून गेले. कुठे गेले, माहीत नाही. घरचा पत्ता विचारला, तर पत्ता त्यांनी कोणालाच दिलेला नव्हता.

यमुना हसली. रिसीव्हर तिच्या हातातच होता. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला. तरी ती तोंडाशी धरून म्हणाली, "दिसले तं सांगा त्यांना, माजा खोकला गेला."