धुराचा भाव

सरकारी माणूस आपल्या वीटभट्टीच्या आवारात आलेला दोघा भावांतल्या थोरल्यांना मुळीच खपत नसे. विटा कशा भाजायच्या हे खुर्चीवाल्यांनी शिकवू नये, असं ते म्हणत. पण हवामान बिघडलंय, हे त्यांना दिसत होतं. वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा अवेळी पावसात चिखल होत होता.

त्यांचा तोडगा सरळ होता. कोळशाच्या धुरावर टनामागे कर लावा, तेवढाच दुसरा कर कमी करा आणि बाजूला व्हा. फुकट ते पौष्टिक म्हणून आपण धूर सोडतो. भाव लागला की ज्याची भट्टी कमी कोळसा खाईल तो तरेल. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर भट्टीवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. थोरल्यांचं मात्र मान डोलावून ऐकून घेत. डोलावण्यात काय जातं?

खरोखर मनावर घेतलं ते एकट्या धाकट्या भावानं. वाटणीची जमीन विकून त्यानं निम्म्या कोळशात भाजणारी भट्टी बांधली. विटा झकास, पण नव्या भट्टीचा खर्च धरता महाग. कर लागेपर्यंत कळ काढायची होती.

असा कर लावावा का, यावर सरकारनं भट्टीमालकांच्या संघटनेचं मत मागवलं. तिथली रीत अशी, की वयानं सर्वांत मोठ्यानं आधी हात वर करायचा, मग बाकीच्यांनी. बैठकीआधी व्याही, जुने भागीदार, सगळ्यांनी थोरल्यांना गळ घातली. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता, म्हणाले. जन्मभर ज्यांच्याबरोबर चहा प्यायला, त्यांचं मन थोरल्यांना मोडवेना. पुढच्या वर्षी बघू, असं स्वतःला समजावत त्यांनी हात मांडीवरच ठेवला. मग कुणाचाच हात उठला नाही.

कर बारगळला. स्वस्त विटांपुढे धाकट्याची भट्टी दोन हंगामांत विझली. पुढे हवा आणखी बिघडली, तेव्हा सरकारनं कोळशाच्या भट्ट्या सरसकट बंद केल्या. ज्या इन्स्पेक्टरला थोरल्यांनी जन्मभर फाटकाबाहेर ठेवलं, त्यानंच आत येऊन सील ठोकलं. व्याही आणि भागीदार तेव्हा कुठे दिसले नाहीत.

धाकटा आता एका गोदामात राखणदार आहे. थोरले एकदा तिथे जाऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माझं चुकलं रे. त्या दिवशी हात वर करायला हवा होता."

धाकट्यानं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"मी तुझ्याकडेच बघत होतो, दादा," तो म्हणाला. "तुझ्याआधी हात वर करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."