शेवटच्या वर्गापर्यंत घंटा

उज्ज्वला राठोड माझ्या नजरेत भरली ती पाचवीत असताना. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, सगळी पोरं वर्गात शिरली आणि ही उलटी लांबच्या टिनाच्या वर्गखोल्यांकडे पळत सुटली. हटकलं, तर म्हणाली, "तिकडे घंटा ऐकूच येत नाई गुरुजी. सांगून येतो." तिला हे काम कोणी दिलेलं नव्हतं.

आता ती दारव्ह्याला एका शिक्षण संस्थेच्या एकेचाळीस शाळांच्या वेबसाइट सांभाळते. सूचना आधीच लिहून वेळ लावून ठेवायची. वेळ झाली की ती आपोआप लागते आणि पालकांच्या मोबाइलवर संदेश जातो. पण एक मेख होती. साइट कोणी उघडली, तरच सूचनेची वेळ झाली का ते तपासलं जायचं. मोठ्या शाळांच्या साइटवर सतत वर्दळ, म्हणून हे कधी लक्षात आलं नाही.

मागच्या जूनमध्ये एका तांड्यावरच्या शाळेची वसतिगृह प्रवेशाची सूचना सोमवारी निघायची होती. गुरुवारी मुख्याध्यापकांनी सहज साइट उघडली, तेव्हा ती निघाली. अर्जाची मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. तांड्यावर आठवी नाही. सात मुलींची शाळा त्या अर्जावर अडकलेली.

शुक्रवारी सकाळीच उज्ज्वला लॅपटॉप घेऊन जीपने तांड्यावर गेली. त्या सातांतल्या गंगीची आई चंदाबाई म्हणाली, "संदेश कालच आला व पोरी. सोमवारपासून आम्ही वाट पाहून राह्यलतो."

"तो बी तुमचीच वाट पाहत होता, काकी."

"म्हंजे दोघं बी बसूनच."

सहा अर्ज भरले. गंगीच्या अर्जासाठी बापाच्या मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा हवा होता. बाप देवसिंग पुसदच्या बाजारात, फोन बंद. तिचा अर्ज राहिला. अर्ज बंद करायचं काम मात्र बरोबर पाचला झालं; त्या दिवशी साइटवर माणसं होती ना. सोमवारी उज्ज्वला गंगीसाठी संस्थेच्या कचेरीत जाऊन बसली. जागा भरल्या होत्या.

त्याच आठवड्यात तिनं व्यवस्था बदलली. आता सर्व्हर दर पाच मिनिटांनी स्वतःच उठतो आणि एकेचाळीसही साइटवर ओळीनं फिरून राहिलेली कामं करतो. एखादी साइट अडली, तर तिच्यापाशी खोळंबत नाही. उज्ज्वलाला कळवून पुढे जातो.

तरी माझ्याकडे चहाला आली की कप हातात थंड होतो आणि नजर फोनवर.

"झालं ना आता नीट?" मी विचारलं.

"झालं गुरुजी. पन पाह्यल्याशिवाय मले कसं कळन?"

गंगी आठवीत आहे. दारव्ह्याला उज्ज्वलाच्या खोलीवर राहते, आणि सकाळी तिला शाळेत सोडूनच उज्ज्वला कामाला बसते.